दारांचा पूल

घराचे दार काढायचे ठरले तेव्हा घरातून एकट्या सासूबाई विरोधात होत्या. "दार गेलं की घर कसलं, मग तो बसस्टॉप," असे म्हणून त्यांनी स्टूल ओढले आणि दाराला पाठ टेकून बसल्या. मास्तरांनी बिजागरीचे स्क्रू काढायला हातात घेतलेला पेचकस पुन्हा खिशात घातला आणि सगळा प्रकार पहिल्यापासून समजावून सांगायला घेतला. आदल्या रात्रीपासून हे ते तिसऱ्यांदा करत होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गळ्यात टेप, कानावर निळा खडू, आणि दुनियेतली कुठलीही अडचण चार टाके घातले की सुटते असा ठाम विश्वास. शहराच्या पार टोकाला, जिथे बसही दमून वळते आणि परत फिरते, तिथल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत ते बायको, मुलगी आणि सासूबाई यांच्यासह राहत. बायको शहराच्या मध्यावरच्या इस्पितळात धुलाईखात्यात कामाला होती. एक बस, दुसरी बस, मग गाडी, मग पायपीट. ती अंधारात निघे आणि अंधारात परते. मुलीला शाळेत 'माझी आई' हा निबंध आला तेव्हा तिने पहिलेच वाक्य लिहिले की माझी आई फार झोपाळू आहे, कारण बिचारीने आईला बहुतेक वेळा झोपलेलेच पाहिले होते. निबंध वाचून घरात सगळे हसले. बायकोही हसली, आणि मग भांडी घासताना तिने बराच वेळ नळ उगाचच चालू ठेवला.

अशात सरकारने योजना काढली. स्टेशनजवळ परवडणारी घरे बांधायला सरकारी निधी मिळणार होता. अट एकच, जागेच्या फाटकापासून स्टेशनच्या फलाटापर्यंत साधारण माणसाला चालत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. खोल्यांच्या रांगेने लगेच संस्था काढली आणि मास्तरांना सेक्रेटरी नेमले. त्यांच्या अंगच्या गुणांचा त्यात काही संबंध नव्हता, रांगेतच असलेल्या त्यांच्या दुकानात सभेला पुरेल एवढा लांब बाक होता इतकेच. स्टेशनपलीकडे पडीक गोदामाचे एक मैदान होते. तिथे उभे राहिले की फलाटावरच्या घोषणा स्पष्ट ऐकू येत. संस्थेला ते मिळाले नाही तर मोटारी विकणाऱ्या दुकानाला जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

अर्जात अंतर लिहायचे काम अर्थातच मास्तरांकडे आले. त्यांनी नकाशा कटिंगच्या टेबलावर पसरला, सुरकुत्या काढल्या आणि टेप लावली. मैदान ते स्टेशन, सरळ. मध्ये एक निळी रेघ आडवी जात होती. मास्तरांनी ती खडूची खूण समजून हाताने झटकली. गेली नाही तेव्हा, पक्का खडू दिसतोय, असे म्हणून त्यांनी अर्जात "आठ मिनिटे" असे सुवाच्य अक्षरात लिहून टाकले. तीस वर्षे निळी रेघ म्हणजे खडूच, अशा माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार.

ती रेघ नाल्याची होती. हे कळले तेव्हा अर्ज जाऊन महिना झाला होता. रांगेतला सुतार एकदा मैदान पाहायला गेला आणि परतताना सरळ स्टेशनकडे निघाला, तो गुडघ्यापर्यंत ओला होऊन आणि एक चप्पल गमावून आला. नाल्यावर पूल नव्हता. स्टेशन समोर दिसे, गाडी सुटताना दिसे, पण तिथे पोहोचायचे तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून पाऊण तास चालावे लागे. आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी कचेरीतून फोन आला की गुरुवारी तपासणीला बाई येत आहेत, त्या स्वतः चालून पाहतात, आणि घड्याळ लावून चालतात.

दुकानाच्या बाकावर सभा भरली. खरे सांगून टाकावे, अशी एक दुबळी सूचना आली आणि लगेच मेली. सुतार म्हणाला, पूल बांधू, एका दिवसापुरता. गोदामाच्या मैदानात जुने लोखंडी रूळ पडलेच होते, ते आडवे टाकता येतील. प्रश्न वरच्या फळ्यांचा होता. सुतार बोलता बोलता थांबला, त्याने दुकानाच्या दारावर बोटाने टकटक केली आणि कान लावून ऐकले. घरमालकाने एवढ्या वर्षांत खोल्यांना एक खिळा लावला नव्हता, पण दारे त्याच्या वडिलांच्या वेळची होती. असले लाकूड आता औषधालाही मिळत नाही, असे सुतार म्हणाला, आणि सभा संपली.

म्हणून सासूबाई दाराला पाठ टेकून बसल्या होत्या. मास्तरांचे समजावणे त्यांनी तिसऱ्यांदाही शांतपणे ऐकून घेतले आणि जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात कामावर निघालेली बायको डबा पिशवीत कोंबत दारापाशी आली.

"आई," ती म्हणाली, "मला एकदा उजेडात घरी यायचंय. एकदाच. सरक ना."

सासूबाई उठल्या आणि स्टूल उचलून भिंतीकडे नेले. "पण सांगून ठेवते जावईबापू, मी खोटं बोलणार नाही."

ही गोष्ट त्यांनी सांगायची गरज नव्हती. सासूबाईंना खोटे बोलता येत नसे आणि गप्पही बसता येत नसे, आणि या दोन गुणांनी मिळून घराची आजवर पुष्कळ वाट लावली होती. मागे डॉक्टरांनी मास्तरांना विचारले की औषध वेळच्या वेळी घेता ना, तर मास्तर मान डोलावत असतानाच त्यांनी सांगून टाकले की ते कुंडीत ओततात, आणि कुंडीतले झाड आता बरे आहे. तेव्हा बाईंपुढे त्यांना उभे करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. बिनदाराच्या खोल्या राखायला कुणीतरी मागे हवेच होते. ते काम सासूबाईंना देऊन मास्तरांनी एका दगडात दोन पक्षी मारले आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

गुरुवारी पहाटे पहिल्या बसने दारे निघाली. प्रत्येकाने आपापले दार उभे धरले होते, आणि बसमध्ये माणसांच्या जागी दारांचीच रांग लागली होती. "दारात उभं राहू नका," असे कंडक्टर सवयीने म्हणाला, आणि मग स्वतःच इकडेतिकडे पाहून गप्प बसला. दाराचे तिकीट काढायचे की नाही, यावर त्याने शेवटपर्यंत विचार केला. बायकोने त्या दिवशी धुलाईखात्यातून रजा घेतली होती. तिच्या कडेला दार आणि मांडीवर मुलगी होती.

सूर्य वर येईपर्यंत पूल तयार झाला. खाली दोन रूळ, वर ओळीने दारे, आणि दारांवर मास्तरांच्या दुकानातले पडद्याचे हिरवे कापड ताणून बसवलेले. दोन्ही कडांना संस्थेचे सभासद खांद्याला खांदा लावून उभे राहिले, म्हणजे पाणी दिसणार नाही. राहिला वास. त्यावर बायकोने धुलाईखात्याच्या अनुभवातून उपाय सुचवला, आणि घराघरातून आणलेली साबणाची पूड नाल्यात ओतली गेली. वास खरोखर गेला. सगळे इतके खूश झाले की उरलेली पूडही ओतून मोकळे झाले.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. ठेंगण्या, पायात कॅन्व्हासचे बूट, हातात घड्याळ, आणि चेहरा असा की समोरच्याला कसलाच थांग लागू देत नाही. त्यांनी फाटकापाशी घड्याळ सुरू केले आणि चालू लागल्या. मास्तर बाजूने जवळजवळ पळत होते आणि हवापाण्याबद्दल बोलत होते. पुलापाशी बाई थबकल्या. मास्तरांनी सांगितले की हा जरासा चढ आहे. बाईंनी हिरव्या कापडावर पाऊल ठेवले, चार पावले चालल्या आणि बुटाखाली काहीतरी टोचले म्हणून थांबल्या.

"हे काय आहे?"

"डिझाइन आहे मॅडम," मास्तर म्हणाले. ती सुताराच्या दाराची कडी होती.

बाई पुढे निघाल्या. तेवढ्यात सभासदांच्या पायांमधून पांढरे काहीतरी वर डोकावू लागले. सकाळपासून पाण्यात मुरलेल्या साबणाला आता चांगलाच फेस आला होता, आणि तो फुगत फुगत पुलाच्या काठाला टेकला होता. सभासद न वाकता, नुसत्या पायाने तो मागे सारू लागले. बाईंनी फेसाकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिले. मास्तरांना वाटले, अजून थोडे, फक्त थोडे, मग पलीकडचा काठ आला. आणि पलीकडच्या काठावर त्यांना सासूबाई दिसल्या.

त्यांच्या शेजारी घरमालक होता.

त्याचे असे झाले. एरवी भाड्याच्या दिवसाखेरीज न फिरकणारा घरमालक त्या सकाळी भाडेवाढीच्या नोटिसा घेऊन खोल्यांकडे आला होता. नोटीस दारावर चिकटवायची असते. त्याने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली, नोटिसा हातातच राहिल्या. सगळीकडे चादरी लटकत होत्या. शेवटी त्याने स्टुलावर बसलेल्या सासूबाईंना विचारले की माझी दारे कुठे गेली. सासूबाईंनी सांगितले की नाल्यावर आहेत, एका बाईंना फसवायला नेली आहेत. आणि तुम्हाला एकट्याला सापडायचे नाही म्हणून वाट दाखवायलाही निघाल्या. वर बसचे तिकीटही त्यालाच काढायला लावले.

"थांबा," घरमालक काठावरून ओरडला. "त्या बाई माझ्या दारावर उभ्या आहेत."

एवढे बोलून त्याने कापडाचे टोक उचलले, खालचे पहिले दार नोटिसांसकट दोन्ही हातांनी धरले आणि ओढले. वडिलांच्या वेळचे दार ते, असे थोडेच सुटते. ते निघाले तेव्हा एकदम निघाले, आणि घरमालक दारासकट फेसात जाऊन बसला. नाला खोल नव्हता, पण फेस उंच होता. वर फक्त डोके आणि नोटिसा धरलेला हात राहिला, आणि मग नोटिसाही एकेक करून वाहून गेल्या.

माणूस बुडतोय म्हटल्यावर भाडेवाढ कुणाच्या लक्षात राहते? सभासद धावले. हाताशी दोर नव्हता, म्हणून बाईंना एकेक पाय उचलायला सांगून सगळ्यांनी मिळून पुलावरचे हिरवे कापड ओढून काढले आणि त्याचे टोक घरमालकाकडे फेकले. जोर लावून त्याला काठावर आणले, थोपटले, चष्मा पुसून दिला. आणि मग सगळ्यांचे लक्ष पुलाकडे गेले. कापड गेले होते. कड्या, नंबर, नावाच्या पाट्या आणि एकावर लटकलेले कॅलेंडर यांसह सगळी दारे उन्हात उघडी पडली होती आणि त्यांवर तपासनीस बाई एकट्याच उभ्या होत्या. मास्तरांना धरणीने पोटात घेतले असते तर बरे वाटले असते, पण तिथे धरणी नव्हती, नाला होता.

बाई खाली पाहत होत्या. त्यांच्या पायाखाली मास्तरांचे दार होते, आतली बाजू वर. त्यावर मुलीने कधीतरी तेलखडूने चित्र काढले होते. एक खाट, खाटेवर एक बाई, डोळे मिटलेले.

"ही कोण झोपलीय?" बाईंनी विचारले.

गर्दीतून बायको पुढे आली. "मी," ती म्हणाली.

आणि इथून पुढे सासूबाईंनी सूत्रे हातात घेतली. त्यांनी निळ्या रेघेपासून साबणापर्यंत सगळे सांगितले, काहीही न गाळता. खरा रस्ता पाऊण तासाचा आहे आणि त्यांच्या गुडघ्यांनी दीड तासाचा, हेही सांगितले. लेक कधी निघते, कधी येते, नात निबंधात काय लिहिते, तेही सांगितले. "फसवणूक झालीच आहे," त्या शेवटी म्हणाल्या, "पण माझा जावई लबाड नाही हो, नुसता सरळसोट आहे. नाला आडवा आला तरी सरळ टेप लावतो."

बाईंनी घड्याळ बंद केले. मास्तरांच्या डोळ्यांपुढे मैदानात ओळीने उभ्या असलेल्या चकचकीत मोटारी दिसू लागल्या.

"सेक्रेटरी," बाई म्हणाल्या, "योजनेचं नाव पूर्ण वाचलंत का?"

"स्टेशनजवळ परवडणारी घरं," मास्तर पुटपुटले.

"पुढचं?"

पुढचे कुणीच वाचले नव्हते. घरे म्हटल्यावर पुढे वाचायचे भान कुणाला राहते? बाईंनी ते स्वतःच म्हणून दाखवले: घरे, आणि तिथवर पोहोचायला लागणारे रस्ते, पूल आणि दिवे. या दुसऱ्या भागाला वेगळा निधी होता. मध्ये अडथळा असेल तर आधी पूल मंजूर व्हायचा, आणि मग वेळ पुलावरून मोजायची, असा नियमच होता.

"गेले वर्षभर मी फिरतेय," बाई म्हणाल्या. "जिथे जाईन तिथे मला चकाचक रस्ते दाखवतात. एकाने म्हणून अडचण दाखवली नाही. पुलाचा निधी तसाच पडून आहे, आणि वरिष्ठ मला विचारतात की लोकांना पूल नकोत का."

"म्हणजे आम्ही जो लपवला..." मास्तर म्हणाले.

"त्याच्यासाठीच पैसे होते."

कुणीतरी हसले, बहुधा सुतार. मग सगळेच हसू लागले, आणि घरमालकालाही नाकात गेलेल्या फेसाने एक शिंक आली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बजावले की आठ मिनिटांचा अर्ज रद्द, नवा खरा अर्ज आजच द्यायचा, आणि अंतर कुणी मोजायचे ते त्या सांगतील. त्यांनी सासूबाईंकडे बोट केले. पूल लोकांना किती हवा आहे, याचा पुरावा नियमाप्रमाणे जोडावा लागतो. तो कसा जोडायचा या विचारात त्या घटकाभर दारांकडे पाहत राहिल्या. शेवटी त्यांनी दारांचा फोटो काढला.

मग त्यांनी घड्याळ पुन्हा सुरू केले आणि उरलेल्या दारांवरून फलाटापर्यंत चालत गेल्या. घरमालकाला बाहेर काढायला लागलेला वेळ वजा केला, तर त्या पंधरा मिनिटांच्या आत सहज पोहोचल्या. फलाटावर उभे राहून त्यांनी पहिल्यांदाच मागे वळून हात हलवला. त्या क्षणी नाल्याच्या काठावर जो आरडाओरडा झाला, त्यात घोषणा करणाऱ्याचा आवाज बुडाला आणि दोन प्रवाशांची गाडी चुकली.

सरकारी कामे सरकारी वेगाने होतात, पण ही झाली. आधी पूल आला, कठड्याचा, दिव्यांचा. मग इमारती उभ्या राहिल्या. मुलगी निबंधाच्या वयातून बीजगणिताच्या वयात गेली आणि एके दिवशी सगळ्यांच्या हातात किल्ल्या पडल्या. त्या किल्ल्या लावायच्या कशाला, हे तिथे गेल्यावर कळेना, कारण कंत्राटदाराने सगळे वेळेवर दिले होते, फक्त दारे यायची होती. नव्या कोऱ्या घरांवर पुन्हा चादरी लटकल्या. सासूबाई स्टूल घेऊन चौकटीत बसल्या आणि म्हणाल्या की आमच्या नशिबात दार नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुलावरून एक हातगाडी आली. गाडीवर दारे होती आणि गाडी स्वतः घरमालक ढकलत होता, कठड्यापासून लांब, अगदी पुलाच्या मधून. त्याच्या खोल्या आता रिकाम्या होत्या आणि रिकाम्या खोल्यांना दारे काय करायची होती. नवी येईपर्यंत वापरा, असे तो म्हणाला. भाडे किती, असे मास्तरांनी विचारले, तेव्हा तो नाल्याकडे पाहत म्हणाला की राहू दे, त्या दिवशी तुम्ही चष्मासुद्धा पुसून दिला होता. सुताराने दारे तासून बसवली. मास्तरांनी प्रत्येक चौकट तीनतीनदा मोजली, आणि मध्ये कुठे निळी रेघ नाही ना, हे सासूबाईंकडून तपासून घेतले.

शेवटचे स्क्रू बसत होते तेव्हा स्टेशनात गाडी आल्याची घोषणा झाली. थोड्या वेळाने पुलावरून बायको चालत आली. पिशवी खांद्याला, हातात चप्पल, कारण तिला पुलावर अनवाणी चालून पाहायचे होते. ऊन अजून भिंतीवर होते. ती येऊन दारात उभी राहिली.

"इतक्यात कशी आलीस?" सासूबाईंनी विचारले.

"उतरले आणि आले," ती म्हणाली. मग तेच पुन्हा म्हणाली, "आई, नुसती उतरले आणि आले." आणि ती रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली.

मुलगी इतकी वर्षे न पुसल्या गेलेल्या चित्रासमोर बसली. दप्तर धुंडाळून तिने तेलखडू काढला आणि खाटेवरच्या बाईचे मिटलेले डोळे उघडे केले. मग थोडे मागे सरून पाहिले आणि आणखी मोठे केले.

"अगं, दार परत द्यायचंय," मास्तर हळूच म्हणाले. घरमालक तिथेच चहा पीत बसला होता.

सासूबाईंनी चित्राकडे पाहिले, लेकीकडे पाहिले आणि घरमालकाकडे वळल्या. खोटे त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"मालक," त्या म्हणाल्या, "हे दार तुम्हाला आता परत मिळायचं नाही."